वाचकांचे प्रश्न : नऊ एके, दहा एके

प्रश्न : नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. दहा एके घेतले की रांग मोडते आणि चढत्या बाजूचा ८ गायब होतो. एक्सेलमध्ये तर नऊ एक्यांचं उत्तरही शेवटी शून्यं दाखवतं. चूक कुठे होते? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : तुमची चूक नाही. गुणाकार कागदावर उभा मांडा. नऊ ओळी येतील, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या घरात एक १, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्या घरात नऊ, पुढे पुन्हा उतरतं. एकाही घराची बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही.

दहा एक्यांना मधल्या घरात १० होतात : शून्य लिहा, हातचा १. पुढच्या घरात ९ होते, त्यांचे १० झाले : पुन्हा शून्य, हातचा १. त्यापुढच्या ८ चे झाले ९ आणि हातचा थांबला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. पडताळा असा : दर हातच्याला अंकांची बेरीज ९ ने घटते. दहा ओळींत दहा-दहा एके, म्हणजे १००; त्यातून दोनदा ९ गेले, उरले ८२. उत्तराचे अंक मिळवून पाहा.

एक्सेल १५ अंकच जपतं, पुढे शून्यं भरतं. सतरा अंकी उत्तर त्यात मावत नाही, म्हणून ते हातानेच करावं.

या संख्यांना गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ‘डेम्लो’ नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनावरून. कल्पना तिथे सुचली होती. त्यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा, आणि शालेय शिक्षण ठाण्यात झालेलं. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ हे नावही त्यांचंच. ही सतरा अंकी संख्या हर्षद आहे : अंकांची बेरीज ८१, आणि १११११११११ = ९ × १२३४५६७९ असल्याने वर्गाला ८१ ने भाग जाणारच. इथेही ८ नाही, पाहिलंत?

प्रश्न : आमच्या पिन कोडला, ४००७०८ ला, ७ ने भाग जातो का, हे तोंडी कसं ओळखायचं? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : जातो, ११ नेही जातो. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने वजा-अधिक करा. ७०८ − ४०० = ३०८, म्हणजे ४ × ७ × ११. मुलं फसतात ती स्वल्पविरामापाशी : ४,००,७०८ असे गट धरले तर ७०८ − ० + ४ = ७१२, आणि उत्तर ‘जात नाही’.

बाकी काढायची असेल तर चिन्ह सांभाळा. ६०१४०० साठी −२०१ येतात, ७ ने बाकी २; चिन्ह सोडलं तर चुकून ५ निघते.

तुमचा पिन कोड म्हणजे ३०८ × १३०१. यातली १३०१ मूळ संख्या आहे : ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, कारण ३७ चा वर्ग १३६९.