एआयमुळे चित्रपट व्यवसाय कसा बदलतोय? भाच्याला व्हीएफएक्सच्या कोर्सला घालावं का?

मी संवाद धुतो. म्हणजे सेटवर नटांचं बोलणं रेकॉर्ड होतं, त्यातला जनरेटर, कावळे, पंखा, लांबून येणारा वरातीचा बँजो काढायचा आणि बोलणं तेवढं ठेवायचं. अंधेरीत गेली सोळा वर्षं हेच पोटापाण्याचं काम. तुम्ही लिहिलंय की भाचा बारावी झालाय, व्हीएफएक्सच्या, म्हणजे सिनेमातली दृश्यं संगणकावर घडवायच्या, कोर्सची फी अडीच लाख आहे, आणि घरात सगळे म्हणतायत की आता एआय आपोआप सिनेमा बनवणार, कशाला पैसे घालवता. मी माझ्या खुर्चीवरून जे दिसतं ते सांगतो. व्हीएफएक्सवाले दोस्त पलीकडच्या गल्लीतच बसतात, त्यांचंही थोडं सांगतो.

आधी घरच्यांची भीती. ती अगदीच हवेतली नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीने सोरा या आपल्या एआय साधनाचे नमुने दाखवले. नुसतं वाक्य लिहायचं आणि व्हिडिओ तयार. ते बघून टायलर पेरी या अमेरिकन निर्मात्याने अटलांटातल्या आपल्या स्टुडिओचा 80 कोटी डॉलरचा विस्तार थांबवला. आमच्याकडे त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. पण त्यानंतर पडद्यावर जे आलं ते बरंच साधं आहे. नेटफ्लिक्सच्या ‘एल एतेर्नाउता’ या अर्जेंटिनाच्या मालिकेत ब्युनोस आयर्समधली एक इमारत कोसळते, तो शॉट एआयने केला. नेहमीच्या पद्धतीपेक्षा दहापट लवकर झाला, असं कंपनीच्या प्रमुखांनी जुलै 2025 मध्ये सांगितलं. एक इमारत, एक शॉट. बाकी मालिकेत माणसंच आहेत. आपल्याकडे ऑक्टोबर 2025 मध्ये जिओहॉटस्टारवर एआयने बनवलेलं महाभारत आलं. मी थोडं पाहिलं. रथ, धूळ, मुकुट झकास. पात्र बोलायला लागलं की मात्र मान एकीकडे, खांदा दुसरीकडे आणि श्वास कुठेच नाही. मी साऊंडवाला, मला आधी श्वासच दिसतो, त्यामुळे माझं मत थोडं कडू धरा.

तर खुर्ची दिग्दर्शकाची हललेली नाही. हललंय ते खालचं.

रोटो हा शब्द भाच्याच्या तोंडून ऐकला असेल. नट पळतोय आणि त्याच्या मागचं आभाळ बदलायचंय, तर आधी त्याच्या कडेकडेने रेघ मारून त्याला कापून वेगळा काढायचा. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे 120 वेळा ती रेघ तपासायची. केस मोकळे असतील, वारा सुटला असेल, तर देवच वाली. हॉलीवूडच्या मोठ्या सिनेमांचं हे काम वर्षानुवर्षं मुंबई, चेन्नई, हैदराबादमध्ये होत आलंय. शेवटच्या नामावलीत देशपांडे, रेड्डी, मुरुगन अशी नावं येतात ना, त्यातली कित्येक या खात्यातली. बहुतेकांची पहिली नोकरी हीच. रात्रपाळी, थोडा पगार, डोळ्यांत ड्रॉप्स.

हे काम आता यंत्र करतं. पूर्ण नाही, पण पहिला ऐंशी टक्के हात तेच मारतं (हा माझ्या दोस्ताचा अंदाज, मोजमाप नव्हे). ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ला 2023 मध्ये 7 ऑस्कर मिळाले. त्याचे बहुतेक व्हीएफएक्स पाचेक जणांच्या टोळीने केले होते, आणि डोंगरकड्यावर दोन दगड गप्पा मारतात त्या प्रसंगात पार्श्वभूमी काढायला त्यांच्यातल्या एकाने रनवे नावाच्या कंपनीचं एआय साधन वापरलं होतं. बातमी म्हणून हे भारी वाटतं. पलीकडच्या गल्लीत त्याचा अर्थ असा, की ज्या हॉलमध्ये चाळीस मुलं ओळीने बसून रेघा मारायची तिथे आता बारा बसतात, आणि ती यंत्राने मारलेल्या रेघा तपासतात.

मजुरीचं काम होतं, गेलं तर बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. पण आमच्या धंद्यात शाळा तीच होती. सहा महिने केसांच्या कडा काढल्या की मुलाला न शिकवता कळायचं की हलत्या गोष्टीची कड धूसर असते, की सावली कधीच काळी नसते. उद्याचा कंपोझिटर, म्हणजे वेगवेगळे तुकडे एकत्र बसवून शॉट जुळवणारा, तिथूनच वर यायचा. आता वरचा मजला शाबूत आहे आणि जिना काढून घेतलाय.

माझ्या स्वतःच्या खात्यातलं सांगतो. गेल्या वर्षी साताऱ्याकडे शूट झालेला एक मराठी सिनेमा आला. म्हातारी चुलीपुढे बसलीय, मुलगा मुंबईला निघालाय, ती म्हणते, “जा बाळा.” एवढंच. बाहेर डिझेल जनरेटर, त्याची घरघर सगळ्या ट्रॅकवर. पूर्वी असा एक प्रसंग साफ करायला माझ्या हाताखालचा मुलगा अख्खा दिवस घालवायचा. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं, खाली घरघरीचे आडवे पट्टे, वर बोलण्याचे ढग. पट्टे एकेक करून पुसायचे. आता एक बटण दाबलं की बोलणं वेगळं आणि गोंगाट वेगळा. तीन मिनिटं. ऐकलं तर स्फटिकासारखं स्वच्छ. दिग्दर्शक आला, डोळे मिटून बसला, म्हणाला, “काहीतरी गेलंय रे. बाई रडायची थांबली.”

परत मूळ ट्रॅक लावला. ‘जा’ आणि ‘बाळा’च्या मध्ये तिचा श्वास अडकतो, घशात बारीक चिरक होते. शब्द नाही म्हणून यंत्राने तो कचऱ्यात टाकला होता. मी तो तुकडा मूळ ट्रॅकमधून हाताने परत आणून बसवला, थोड्या घरघरीसकट. सिनेमात ती घरघर आजही आहे. नीट कान देऊन ऐकलंत तर सापडेल.

याच जातीच्या तंत्राने पीटर जॅक्सनच्या 2021 च्या माहितीपटात बीटल्स या इंग्लिश बँडच्या जुन्या टेपांमधली गिटार आणि बोलणी वेगळी केली, आणि 2023 मध्ये त्याच बँडच्या जॉन लेननचा आवाज घरगुती कॅसेटवरच्या पियानोतून सोडवून नवं गाणं काढलं. मला या साधनांचा राग नाही. ती नसती तर लोकेशनवर घेतलेले कितीतरी संवाद टाकून द्यावे लागले असते आणि नटांना परत डबिंगला बोलवावं लागलं असतं. पण हेही लिहितो: पूर्वी माझ्याकडे दोन मुलं शिकायला असायची, आता एक आहे, तीही अर्धा दिवस. हिशोबात बसत नाही. दोष यंत्राचा म्हणा नाहीतर माझा.

आवाजाच्या बाबतीत तर आणखी पुढे गेलंय. ‘द ब्रुटलिस्ट’ या इंग्रजी सिनेमात नट एड्रियन ब्रोडीची हंगेरियन वाक्यं हंगेरियन कानाला खटकू नयेत म्हणून एआयने काही स्वर दुरुस्त केले. संपादक स्वतः हंगेरियन, त्याने आपलाच आवाज त्यासाठी वापरला. जानेवारी 2025 मध्ये हे बाहेर आल्यावर गदारोळ झाला, आणि मार्चमध्ये ब्रोडीला ऑस्कर मिळालाही. यावर माझं मन अजून दोन्हीकडे आहे. आम्ही वर्षानुवर्षं एका टेकमधला ‘त’ उचलून दुसऱ्या टेकमध्ये चिकटवत आलोय, तो साव आणि हा चोर कसा?

मराठी डबिंगला मात्र यंत्राचं घोडं च-ज-झ वर अडतं. ‘जेवण’मधला ज वेगळा, ‘जागा’मधला वेगळा. ‘चिमणी’तला च वेगळा, ‘चमचा’तला वेगळा. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो आपण, फरक आईच्या तोंडून कळतो. मी ऐकलेले यंत्राचे मराठी आवाज ‘जरा जागा द्या’ असं म्हणतात की वाटावं बिचारा कालच इंदूरहून आलाय. हे सुधारेल, दोन-तीन वर्षांत सुधारेलही. पण आज तरी मराठी डबिंग करणाऱ्यांची रोजीरोटी या तीन अक्षरांनी थोडीफार धरून ठेवलीय, गंमतच आहे.

खरं भांडण परवानगीचं आहे. 2024 मध्ये ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने एका तमिळ गाण्यात आणले. घरच्यांना विचारून आणि मोबदला देऊन, असं त्यांनी जाहीर केलं. दुसरीकडे अरिजित सिंग यांना आपल्या आवाजाच्या नकला थांबवायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, जुलै 2024 मध्ये त्यांच्या बाजूने आदेश झाला. पुढच्या वर्षी आशाताईंनाही त्याच न्यायालयाकडून तसंच संरक्षण घ्यावं लागलं. मोठ्यांना वकील परवडतो. माझ्या ओळखीची एक डबिंग कलाकार आहे, तिने एका कंपनीसाठी तीन दिवस नुसती सुटी वाक्यं वाचली, ‘ट्रेनिंग मटेरियल’ म्हणून. वर्षभराने तिला स्वतःचाच आवाज अशा एका जाहिरातीत ऐकू आला, जी तिने कधी केलीच नव्हती. करारात बारीक अक्षरात होतं: आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी. सही तिचीच.

दिग्दर्शकही यातून सुटलेले नाहीत. ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा लागली, तेव्हा मरणारा नायक एआयने जिवंत करून शेवट गोड केलेला होता. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही जाहीर नाराजी दाखवली. हक्क निर्मिती कंपनीचे. अमेरिकेत 2023 मध्ये लेखक 148 दिवस आणि नट 118 दिवस संपावर बसले, तेव्हा कुठे करारात आलं की एआयने लिहिलेलं लेखकाच्या श्रेयाच्या आड येणार नाही आणि नटाची डिजिटल प्रतिकृती त्याच्या संमतीशिवाय वापरता येणार नाही. आपल्याकडे ज्याने त्याने आपल्या सहीआधी वाचायचं.

एक गोष्ट मनात येतेच. 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. त्याआधी मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली तबला-पेटीवाले बसत. ते उठले ते उठलेच. साऊंडचं खातं, म्हणजे माझा धंदा, त्यांच्या पोटावर पाय देऊनच उभा राहिलाय. त्यामुळे मी फार गळा काढणं बरं दिसत नाही.

आता फीचं. इन्स्टिट्यूटमध्ये जा आणि पहिल्या सहा महिन्यांत काय शिकवता ते विचारा. रोटो आणि पेंट (शॉटमधल्या नको त्या गोष्टी पुसणं) एवढंच शिकवून ‘प्लेसमेंट’ देतो म्हणाले तर तिथूनच रिक्षा करा. चित्रकला, प्रकाश, लेन्स, कंपोझिटिंग आणि सोबत ही नवी यंत्रं, असं असेल तर बसून बोला. अडीच लाख एकरकमी भरू नका. आणि भाचा कुठेही चिकटला तरी त्याचं पहिलं करारपत्र तुम्ही स्वतः वाचा.

त्याआधी घरी एक करून बघा. त्याला मोबाईलवर पाच सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगा, आई मोकळ्या केसांनी कुंपणाजवळून चालत जातेय असा. फुकटच्या कुठल्याही एआय ॲपने तिला कापून मागे समुद्र लावू दे. ते दोन मिनिटांत होईल. मग त्याला सगळ्या फ्रेम एकेक करून बघायला बसवा आणि यंत्र कुठे कुठे चुकलंय ते वहीत लिहायला सांगा. कानामागची बट, बांगडीच्या आतून दिसणारं कुंपण, पदराची कड. अर्ध्या तासात “ठीक आहे की, मामा” म्हणून उठला तर पैसे बँकेत राहू द्या. जेवायला हाक मारली तरी उठला नाही, तर ती वही मला पाठवा, मी पलीकडच्या गल्लीत दाखवून येतो.