शिलावर्तुळं पाहायला निघालात? आधी एवढंच करा

नागपुरात राहत असाल तर अर्धं काम झालंच. पहिल्यांदा काटोल रस्त्यावरचं जुनापाणी गाठा. लोहयुगातल्या दफनांभोवती मोठे दगड मांडून केलेली सुमारे ३०० वर्तुळं तिथं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्यांच्याबद्दल १८७९ मध्येच लिहून ठेवलंय. माहूरझरी, नायकुंड ही अशीच ठिकाणं नंतर. पावसाळ्यात जाऊ नका, गवतात दगडच दिसत नाहीत. दिवाळीनंतर बरं.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- वावरातला प्रत्येक ढीग दफनाचा वाटतो. नांगरताना निघालेले दगड शेतकरी धुऱ्यावर (बांधावर) टाकतात, त्याचाही ढीगच होतो. तुम्ही कडं शोधा: भोवती मोठ्या दगडांचं रिंगण, आत गोट्या-मातीचा भराव, मधे जरा फुगीर. रिंगण अर्धं मोडलेलं असलं तरी उरलेल्या दगडांचा बाक कळतो.
- खापर किंवा मणी खिशात घालतात. अजिबात नको! जागेवरून हलला की तो नुसता मणी. फोटो काढा, शेजारी पेन ठेवा म्हणजे आकार समजेल.
- कपाशीतून सरळ चालत सुटतात. मालकाला विचारा. कुठले दगड कधी हलले, हे बहुतेक वेळा त्यालाच ठाऊक असतं.

सकाळी लवकर पोचा. रिंगणातल्या काही दगडांवर ओळीनं कोरलेले वाटीसारखे छोटे खड्डे आहेत; तिरप्या उन्हात सावली धरतात, भर दुपारी दिसतही नाहीत. उठून दिसावेत म्हणून खडू फासू नका.

दफनांत सापडलेली घोड्यांची हाडं, लोखंडी हत्यारं, त्यांचं कालमापन वगैरे सध्या राहू द्या. आधी दहा-बारा वर्तुळांभोवती सावकाश फिरून या, मग प्रश्न विचारा.