संगणक शंकासमाधान : चौकटींची रांग आणि हजेरीचा क्रमांक

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आठवीच्या मुलांना दाखवण्यासाठी मी स्मॉल बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत गुणांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहीत आहे. डावीकडे दहा विद्यार्थ्यांची नावे आणि उजवीकडे गुण भरण्याच्या चौकटी अशी मांडणी हवी आहे. जागांचे आकडे अंदाजाने टाकल्यामुळे रांग वाकडी दिसते. लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) वापरला तर चौकटी दहा उमटतात, पण बटण दाबल्यावर केवळ शेवटच्या चौकटीतले गुण वाचले जातात. माझे काय चुकते आहे?
— एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला जो हजेरी क्रमांक आहे, त्याचा उपयोग आपण प्रोग्रॅममध्ये करून घेतलेला नाही.

आधी शेवटच्या चौकटीचे पाहू. ‘कंट्रोल्स.अ‍ॅडटेक्स्टबॉक्स’ ही आज्ञा पडद्यावर चौकट उमटवते आणि त्या चौकटीचे नाव आपल्याला परत देते. पुढे चौकटीतला मजकूर वाचायचा, तर तेच नाव सांगावे लागते. आपण लूपच्या प्रत्येक फेरीत हे नाव एकाच व्हेरिएबलमध्ये (एका वेळी एकच किंमत मावणाऱ्या खणात) ठेवले असणार, त्यामुळे नवे नाव आले की आधीचे पुसले गेले आणि अखेरीस दहाव्या चौकटीचेच नाव उरले. पहिल्या नऊ चौकटी पडद्यावर आहेत, मात्र त्यांना हाक मारायला प्रोग्रॅमकडे नाव नाही. यासाठी व्हेरिएबलच्या जागी अ‍ॅरे घ्यावा. अ‍ॅरे म्हणजे हजेरीपटच : नाव एक, ओळी अनेक आणि प्रत्येक ओळीला क्रमांक. स्मॉल बेसिकमध्ये अ‍ॅरेची लांबी आधी जाहीर करावी लागत नाही. चौकोनी कंसात क्रमांक लिहून किंमत दिली की ती ओळ तयार होते. विद्यार्थ्यांची नावे एका अ‍ॅरेत आणि चौकटींची नावे दुसऱ्या अ‍ॅरेत, दोन्हींकडे तोच हजेरी क्रमांक वापरून ठेवावीत. बटण दाबल्यावर चालणाऱ्या सबमध्ये (नाव दिलेल्या आज्ञांच्या गटात) पुन्हा एक ते दहा असा लूप लावून प्रत्येक चौकटीतला मजकूर वाचता येईल.

आता रांगेचे. जागा हाताने लिहायचीच नाही, ती त्याच क्रमांकावरून काढायची. पडद्याच्या वरच्या कडेपासूनचे अंतर = ३० + (क्रमांक − १) × ४० असे सूत्र लूपमध्ये लिहिले, तर पहिली चौकट ३० वर, दुसरी ७० वर आणि दहावी ३९० वर येते. डावे अंतर सगळ्यांसाठी कायम राहील : नावांना २०, चौकटींना १८०. ‘कंट्रोल्स.सेटसाइझ’ने सर्व चौकटींची रुंदी आणि उंची सारखी करावी. बटणाची जागासुद्धा ‘अ‍ॅरे.गेटआयटमकाउंट’ने मिळणाऱ्या ओळींच्या संख्येला ४० ने गुणून आणि त्यात ३० मिळवून ठरवावी, म्हणजे अकरावा विद्यार्थी आला तरी बटण आपोआप खाली सरकेल. नाव चौकटीतल्या मजकुरापेक्षा किंचित वर दिसत असेल, तर नावाच्या अंतरात चार-पाच पिक्सेल मिळवून पाहावेत. हे मात्र फाँटवर अवलंबून असल्यामुळे डोळ्यांनीच ठरवावे लागते.

अक्षरे मोजून किंवा मध्ये रिकाम्या जागा भरून नावे सारखी करण्याचा मोह टाळावा. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपल्याला चार अक्षरांचे दिसते, पण काना, मात्रा आणि हलन्ताचे चिन्ह स्वतंत्र धरले जात असल्यामुळे ‘टेक्स्ट.गेटलेंग्थ’ त्याची लांबी १० सांगते. ‘कमल’ची लांबी मात्र ३ येते. देवनागरीत या मोजणीचा आणि पडद्यावरच्या रुंदीचा मेळ बसत नाही.

आपण विचारलेली नाही, पण वर्गात नक्की उभी राहील अशी एक अडचण अंकांची आहे. मुलांनी मराठी कळफलकावरून ४५ आणि ३८ असे भरले, तर स्मॉल बेसिक ते अंक संख्या म्हणून ओळखत नाही आणि अधिकचे चिन्ह दिसताच दोन्ही मजकूर एकापुढे एक जोडून ‘४५३८’ असे उत्तर देते. ‘गैरहजर’ असा शब्द भरला तरी हीच गत होते. मुलांना इंग्रजी अंकच वापरा असे सांगून सुटता येईल, पण मराठी शाळेतल्या मुलाने मराठी अंक लिहिले तर प्रोग्रॅमने ते समजून घ्यावेत, असे मला मनापासून वाटते आणि अ‍ॅरेनेच ते साधते. स्मॉल बेसिकच्या अ‍ॅरेत क्रमांकाच्या जागी मजकूरही चालतो. म्हणून ‘अंक’ या अर्थाचा आणखी एक अ‍ॅरे करून त्यात प्रत्येक मराठी अंकाच्या ओळीत त्याच किमतीचा इंग्रजी अंक लिहावा. अशा दहा ओळी होतील. चौकटीतला मजकूर ‘टेक्स्ट.गेटसबटेक्स्ट’ने एकेक चिन्ह सुटे करून वाचावा, ‘अ‍ॅरे.कंटेन्सइंडेक्स’ने ते चिन्ह या अ‍ॅरेत आहे का ते तपासावे, असेल तर त्याचा इंग्रजी अंक आणि नसेल तर मूळ चिन्हच घ्यावे. हे तुकडे जोडताना अधिकचे चिन्ह वापरू नये, कारण इंग्रजी अंक समोर आले की ते त्यांची बेरीज करून ४ आणि ५ चे ९ करील, येथे मजकूर एकापुढे एक जोडणारे ‘टेक्स्ट.अपेंड’ वापरावे.