आधी दिरांना सांगा, मग खर्च कापा

प्रिय मावशी,

आम्ही बदलापूरला राहतो. मिस्टर एका खासगी कंपनीत आहेत, मी एका दवाखान्यात रिसेप्शनवर. दोघांचे मिळून हातात ६७,००० येतात. घराचा हप्ता १६,५०० आहे. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी ५ लाखांचं पर्सनल लोन काढलं, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. त्याचा हप्ता ११,६३४. क्रेडिट कार्डावर १,२०,००० थकलेत. गोव्याची ट्रिप आणि पुतण्याच्या मुंजीचा आहेर त्यातच आहे. दरमहा ६,५०० भरतो, पण आकडा हलत नाही. माझ्या पाटल्या बँकेत ६०,००० ला गहाण आहेत, १० टक्क्यांनी.

जूनपासून साधं राहायचं ठरवलं. सिनेमा, नवे कपडे, रविवारचं मटण, मुलाचं क्रिकेट कोचिंग, सगळं बंद केलं. तरी रात्री दमून आल्यावर ॲपवरून काहीतरी मागवलं जातंच. मिस्टर गप्प असतात. नऊ वर्षांचा मुलगा परवा म्हणाला, "आई, आपण गरीब झालो का?" सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, दिवाळीचा बोनस आला की आधी पाटल्या सोडवा, घरची लक्ष्मी बाहेर ठेवू नये. गौरी-गणपती आमच्याकडेच असतात, सगळे येतात. ठाण्याच्या दिरांना आणि जावेला कर्जातलं काही माहीत नाही. कमीपणा नको म्हणून मिस्टरांनी सांगू दिलेलं नाही. साधं राहावं तर घर उदास होतं, न राहावं तर कर्ज फिटत नाही. काय करू?

— एक वाचक

प्रिय मुली,

तू मला मावशी म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगंच करते.

दिरांचा उल्लेख तू पत्राच्या अगदी शेवटी केलास. मला मात्र तेच पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य वाटलं. ऑपरेशन सासऱ्यांचं झालं आणि सासरे दोन्ही भावांचे वडील. ते कर्ज एक भाऊ एकटा फेडतोय आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नाही. बरं, पत्ता लागू नये म्हणून जे करावं लागतं त्यालाही पैसे पडतात. हातात पैसे नसताना गोव्याला गेलात, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. मुंजीचा आहेर ऐपतीबाहेरचा केलात, कारण जाऊबाईंच्या नजरेत भरायला हवा होता. कार्डावरचे हे पैसे तुम्ही मौजेवर उडवलेले नाहीत. सगळं ठीक आहे असं दाखवण्यावर ते गेले. ते दाखवणं चालू आहे तोवर तू घरात मटण बंद कर नाहीतर चहा, कर्ज आहे तिथेच राहील.

म्हणून गणपतीच्या आधी मिस्टरांनी ठाण्याला जाऊन यावं. फोनवर नको, आणि सणाच्या गर्दीत तर नकोच. सोबत हॉस्पिटलचं बिल आणि लोनचं स्टेटमेंट घ्यावं. दोन वर्षं हप्ते भरूनही अजून ३ लाख ४० हजारांच्या आसपास मुद्दल बाकी असणार, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. नेमका आकडा स्टेटमेंटवर मिळेल. "तुम्ही काही केलं नाहीत" हा सूर मात्र लावू नये. त्यांना सांगितलंच नव्हतं, तर त्यांनी करायचं काय होतं? सरळ विचारावं: "बाबांच्या ऑपरेशनचं एवढं बाकी आहे. दरमहा हप्त्यातले चार हजार तुला जमतील का?" आकडा आपणच ठरवून जावं. "बघ काहीतरी" असं म्हटलं की समोरचाही "बघतो" म्हणतो आणि विषय तिथेच राहतो.

दीर कदाचित नाही म्हणतील. त्यांचेही हप्ते असतील, जावेला ते रुचणार नाही. तरीही सांगितल्याचा फायदा आहेच. पुढच्या ट्रिपला तुम्हाला नाही म्हणता येईल, आहेर पाचशेचा करता येईल, आणि मिस्टरांचं गप्प राहणं थोडं तरी कमी होईल. तुला ते कर्जाच्या काळजीचं वाटतं. मला वाटतं, त्यात भावापासून लपवल्याचा भार जास्त आहे. मिस्टरांशी बोलताना हे त्यांच्या मानापमानावर नेऊ नकोस. वडिलांसाठी त्यांनी कुणाची वाट न बघता कर्ज काढलं, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. तीच गोष्ट तोंड लपवायला लावते आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कार्ड. आकडा का हलत नाही ते बघ. कार्डावर थकलेल्या रकमेला बहुतेक बँका महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. १,२०,००० वर ते ४,२०० होतं, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७५६. म्हणजे तुमच्या ६,५०० मधले जवळपास पाच हजार व्याजातच जातात आणि मुद्दलातून दीड हजार कमी होतात. तेवढ्यात तू ॲपवरून पंधराशेचं सामान त्याच कार्डावर मागवलंस की आकडा होता तिथे. शिवाय पूर्ण बिल भरलं जात नसेल, तर नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून आजच कार्ड सगळ्या ॲपमधून काढून टाक.

सासूबाईंचं म्हणणं मला कळतं. त्यांच्या पिढीतल्या बाईला सोनं गहाण म्हणजे घराची अब्रू गहाण वाटते. त्यांना उडवून लावू नकोस, कागद घेऊन शेजारी बस. बोनस किती येईल ते तू लिहिलं नाहीस, ६०,००० धरू. त्यात पाटल्या सोडवल्या तर वर्षाचं ६,००० व्याज वाचेल. तेच पैसे कार्डात भरले तर वर्षाला जवळजवळ ३०,००० वाचतील. राहिलेल्या ६०,००० साठी मिस्टरांच्या कंपनीत पतपेढी असेल तर तिथे चौकशी करावी. १२ टक्क्यांनी वर्षभराचं कर्ज मिळालं तर हप्ता साधारण ५,३३० बसतो. आत्ता कार्डात भरता त्यापेक्षा तो कमीच आहे, आणि वर्षाने संपतो. पतपेढी नसेल तर कार्डाच्याच बँकेला थकबाकीचे हप्ते बांधून द्यायला सांगा, त्याचा दर नेहमीच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो. यात माझी एकच अट आहे. शिल्लक शून्य झाली की कार्ड बंद करायचा अर्ज द्यायचा. नाहीतर पतपेढीचंही देणं आणि कार्डाचंही, असं दुहेरी होऊन बसतं.

सासूबाईंना शब्द दे की पुढच्या दिवाळीचा बोनस पाटल्यांचा. तोवर त्यांचं व्याज चुकवू नका आणि मुदतीच्या तारखेला नूतनीकरण करा. गहाण सोनं लिलावात जातं ते बहुतेक वेळा तारखेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. ती तारीख सासूबाईंच्याच हातून कालनिर्णयवर लिहून घे. त्यांना आपलं सोनं विसरलं गेलेलं नाही एवढी खात्री हवी आहे.

तू बंद केलेल्या गोष्टींची यादी मी पुन्हा वाचली. त्यात मुलाचं क्रिकेट आहे, रविवारचं मटण आहे. घर ज्याची वाट बघत असतं तेच नेमकं तू काढून घेतलंस, आणि मग घर घरासारखं वाटत नाही म्हणतेस. क्रिकेट उद्या सुरू कर. कोचिंगची फी झेपत नसेल तर मैदानात पोरांबरोबर खेळू दे, पण बॅट माळ्यावर ठेवू नकोस. मटण महिन्यातून एका रविवारी आण आणि तो रविवार आधीच सगळ्यांना सांगून ठेव.

पैसे खरे जातात ते रात्री. तू लोकलने धक्के खात आठ-साडेआठला घरी पोचतेस, सासूबाईंचे गुडघे दुखतात, पोराला भूक लागलेली असते, आणि फोन हातात असतो. त्या अर्ध्या तासात कुणालाही काटकसर सुचत नाही. म्हणून तो अर्धा तास रविवारीच सांभाळायचा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ आणि धने मंद आचेवर खमंग भाजून गिरणीतून दळून आण. भाजणीचा डबा भरलेला असला की कांदा चिरून, तिखट-मीठ घालून, ओल्या फडक्यावर थालीपीठ थापायला दहा मिनिटं पुरतात. पार्सलवाला यायलाही तेवढा वेळ लागतोच. एके दिवशी पिठलं-भात, एके दिवशी मुगाची खिचडी आणि पापड. वाणसामानाची महिन्याची यादी परत सुरू कर, पूर्वी आपल्या आया करायच्या तशी, आणि ती मुलाकडून लिहून घे. तूरडाळ काय भावाने मिळते हे नऊ वर्षांच्या मुलाला कळायला हरकत नाही.

त्याच्या प्रश्नाला तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. बहुधा "छे, काहीतरीच काय!" म्हणाली असशील. मुलांना असं उत्तर पटत नाही, ती आणखी घाबरतात. त्याला खरं सांग. "नाही रे. आजोबांच्या ऑपरेशनला बँकेचे पैसे घेतले होते, ते आपण दर महिन्याला परत देतोय. अजून तीन वर्षं द्यायचेत. म्हणून काही गोष्टी आत्ता घेणार नाही. तुझी शाळा, दूध, क्रिकेट, यातलं काही थांबणार नाही." काय थांबणार नाही हे ऐकणं त्याला सगळ्यात जास्त गरजेचं आहे. आणि हे मिस्टरांनीही त्याच्यासमोर म्हणावं, एकटीने नको.

रविवारी बाहेर पडा. शेजारच्या अंबरनाथला शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं शिवमंदिर आहे. वालधुनीच्या काठच्या त्या शिलाहारांच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर इतकं कोरीव काम आहे की मुलाला त्यातले हत्ती आणि माणसं शोधायला सांगितलीस तर सकाळ कशी गेली कळणार नाही. खर्च लोकलच्या तिकिटाचा आणि परतताना एखाद्या कणसाचा. बदलापुरात ग्रंथसखासारखं वाचनालय असताना मुलाला सुट्टीभर फोनवर बसवायची गरज नाही.

गौरी-गणपती साधे केले तर लोक काय म्हणतील, ही भीती तुझ्या पत्रात न लिहिताही दिसते. आपल्याकडे गौर येते त्या दिवशी नैवेद्य भाजी-भाकरीचाच असतो. देवीला पहिल्या दिवशी भाकरी चालते, तर पाहुण्यांना का चालू नये? दुसऱ्या दिवशी पुरणपोळी करा, मनापासून करा, पण केटरर नको. जावेला आधीच सांग की या वर्षी खीर आणि कोशिंबिरी तुमच्याकडून. कर्जाचं कळलेलं असेल तर ती आनंदाने आणेल. शाडूची छोटी मूर्ती, मागे सासूबाईंच्या जुन्या रेशमी साडीचा पडदा. मखर विकत आणू नका.

राहिलेलं थोडक्यात. घराचं कर्ज लवकर फेडायची घाई नको, ते तुमच्या सगळ्या कर्जांत स्वस्त असणार. सोसायटीत भिशी लावलेली असेल तर चालू ठेव आणि आधी नंबर मिळतो का विचार. ती रक्कम हाती आली की आधी कार्ड, मग पर्सनल लोन. आरोग्य विम्याचा हप्ता तोडू नका. वीस-पंचवीस हजार वेगळ्या खात्यात हळूहळू जमवा, म्हणजे दाढ दुखली किंवा फ्रिज बिघडला तर पुन्हा उसनवारी नको. एखादा हप्ता चुकला आणि वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले, तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

आणि सासूबाईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं आहे का? ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी ते आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये होतात. तुमचं निम्मं संकट हॉस्पिटलच्या बिलातूनच आलं, म्हणून हे मी हट्टाने सांगते. आधार कार्डावर काम होतं. सासऱ्यांचं वय बसत असेल तर त्यांचंही त्याच दिवशी काढून घ्या.

तुझी,
मावशी