वाचकांचे प्रश्न : बंदिस्त मैदानातील ॲथलेटिक्स

प्रश्न : चीनमधील नानजिंग येथे मार्च २०२५ मध्ये झालेल्या जागतिक इनडोअर ॲथलेटिक्स स्पर्धेतील काही शर्यती मी शाळेतील मुलांना दाखवल्या. तेथील ट्रॅक अवघा २०० मीटरचा आणि वळणावर तिरका का असतो, तसेच १०० आणि २०० मीटरच्या शर्यती तेथे का नसतात, असे मुलांनी विचारले. कृपया सविस्तर खुलासा करावा. – क्रीडाशिक्षक, आटपाडी (जि. सांगली)

उत्तर : या दोन्ही प्रश्नांचे मूळ छपराखालच्या अपुऱ्या जागेत आहे. १०० मीटरची सरळ धाव आणि तिच्यापुढे थांबण्यासाठी लागणारी जागा बहुतेक सभागृहांत मिळत नाही, म्हणून तेथे ६० मीटरची शर्यत घेतात. ही धावपट्टी ट्रॅकच्या मधोमध, लंबवर्तुळाच्या पोटात आखलेली असते, आणि अंतिम रेषेपलीकडे जाड गाद्यांची भिंत उभी केलेली असते. विजेता धावपटू सरळ त्या गाद्यांवर जाऊन आदळताना आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलाच असेल.

वळणाची गोष्ट अधिक रंजक आहे. उघड्या मैदानातील ४०० मीटरच्या प्रमाण ट्रॅकवर आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर असते. २०० मीटरच्या ट्रॅकवर ती साधारण १७ मीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. सेकंदाला नऊ मीटर वेगाने धावणाऱ्याला मोठ्या ट्रॅकवर तोल सांभाळण्यासाठी सुमारे १३ अंश आत झुकावे लागते, तर छोट्या ट्रॅकवर तेच झुकणे २५ अंशांच्या घरात जाते. सपाट जमिनीवर एवढे झुकून पूर्ण वेगाने धावणे घोट्याला आणि गुडघ्याला झेपत नाही. त्यामुळे घाटातील वळणावर रस्ता जसा आतल्या बाजूला उतरता बांधतात, तसाच हा ट्रॅक वळणावर बाहेरच्या बाजूने उचललेला असतो. नियमानुसार हा उतार १५ अंशांपेक्षा जास्त असू शकत नाही.

एवढे करूनही अन्याय पुरता मिटत नाही. आतल्या लेनमधील धावपटूचे वळण सर्वांत तीव्र, तर बाहेरच्याचे सौम्य. शिवाय बाहेरच्या लेनमधून निघणाऱ्याला उंचावरून खाली उतरण्याचा थोडा फायदाही मिळतो. दोनशे मीटरची शर्यत संपूर्ण लेनमध्येच धावायची असल्याने तिचा निकाल बराचसा लेनच्या वाटपावरच ठरू लागला, आणि २००४ च्या बुडापेस्ट येथील स्पर्धेनंतर ती जागतिक इनडोअर स्पर्धेतून वगळण्यात आली. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. चारशे मीटर मात्र टिकली, कारण तिच्यात पहिली फेरी संपल्यावर लेन सोडून आत येता येते. अर्थात त्यामुळे त्या रेषेपाशी खांद्याला खांदा घासतो आणि पंचांचे काम वाढते. २०१८ मध्ये बर्मिंगहॅमला पुरुषांच्या चारशे मीटरच्या एका प्राथमिक फेरीत धावलेले पाचही जण बाद ठरले होते. कोणी चुकीच्या प्रारंभामुळे, तर कोणी लेनची रेषा ओलांडल्यामुळे. महिलांच्या चारशे मीटर शर्यतीत नेदरलँड्सच्या फेम्के बोल हिने २०२४ मध्ये ग्लासगो येथे ४९.१७ सेकंदांचा इनडोअर विश्वविक्रम केला, हेही मुलांना जरूर सांगावे.

जाता जाता आपल्या शाळेपुरती एक सूचना. आपल्याकडील बहुतेक शाळांच्या मैदानावर फक्की टाकून आखलेला ट्रॅक २०० मीटरचाच असतो, पण तो सपाट असतो. म्हणजे छोट्या वळणाचा सगळा ताण तेथे आहे आणि उताराचा आधार मात्र नाही. अशा ट्रॅकच्या आतल्या लेनमध्ये लहान मुलांना रोज पूर्ण वेगाने पळवू नये. वेगाचा सराव सरळ पट्ट्यात घ्यावा, आणि हलक्या धावेत अधूनमधून उलट दिशेनेही फेऱ्या माराव्यात, म्हणजे डाव्या पायावरच सारा भार येत राहणार नाही.

प्रश्न : मी ललिता बाबर यांच्याच माण तालुक्यातील असून तीन हजार मीटर स्टीपलचेसचा सराव करते. ही शर्यत इनडोअर स्पर्धेत का नसते? – अकरावीची विद्यार्थिनी, दहिवडी (जि. सातारा)

उत्तर : स्टीपलचेसमध्ये २८ वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. हा खड्डा वळणाच्या आत किंवा बाहेर वेगळी वाट काढून बांधलेला असतो. तिरक्या वळणांच्या लहान ट्रॅकवर त्याला जागाच उरत नाही. मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या, त्या अर्थातच उघड्या मैदानावर. तुझ्यासारखीला इनडोअरमध्ये १५०० आणि ३००० मीटरच्या शर्यती आहेत. तीन हजार म्हणजे तेथे पंधरा फेऱ्या, तीस वळणे; या शर्यतीत दमाइतकेच महत्त्व योग्य वेळी योग्य जागी असण्याला आहे, कारण वळणावर बाहेरून कोणाला मागे टाकायचे म्हणजे अंतर फुकट वाढते.

प्रश्न : माझ्या मुलाने ६० मीटर ७.४ सेकंदांत पूर्ण केले, असे त्याचे सर सांगतात. ६.३४ या विश्वविक्रमाशी याची तुलना करावी का? – एक पालक, मिरज

उत्तर : अमेरिकेच्या ख्रिश्चन कोलमन याने २०१८ मध्ये नोंदवलेली ती वेळ विद्युत यंत्रणेने मोजलेली आहे. सरांनी स्टॉपवॉच वापरले असल्यास बोट दाबायला लागणारा उशीर वेळेतून आपोआप वजा झालेला असतो, म्हणून प्रशिक्षक हाताने मोजलेल्या वेळेत साधारण पाव सेकंद मिळवून मगच विचार करतात. शिवाय बंदिस्त सभागृहात वारा नसतो, आणि आपल्या मैदानावर पाठीमागून वारा आला तर वेळ सुधारलेली दिसते. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या वेळेशीच करावी. तीही त्याच मैदानावर, त्याच माणसाने मोजलेली असावी.

प्रश्न : भालाफेक आणि गोळाफेक या दोन्ही स्पर्धा इनडोअरमध्ये असतात का? – वाचक, विटा

उत्तर : गोळाफेक असते, भाला, थाळी आणि हातोडा हे लांब जाणारे प्रकार नसतात. आपल्या आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ज्या गोळाफेकीत १६.३२ मीटरसह रौप्यपदक मिळवले, तिला छपराखालीही पुरेशी जागा मिळते. उड्यांचे चारही प्रकार असतात. पोल व्हॉल्टमध्ये तर छत असो वा नसो, विश्वविक्रम एकच धरला जातो. आर्मंड डुप्लांटिसने २०२२ मध्ये बेलग्रेडच्या इनडोअर स्पर्धेत ओलांडलेले ६.२० मीटर ही त्या वेळी पोल व्हॉल्टमधील सर्वोच्च उंची होती. त्याच स्पर्धेत आपला मुरली श्रीशंकर लांब उडीत सातवा आला होता.

प्रश्न : भारतात असा ट्रॅक कोठे आहे? सरावासाठी मुलांना तेथे पाठवावे का? – प्रशिक्षक, कराड

उत्तर : भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियम संकुलात २०० मीटरचा बंदिस्त ट्रॅक उभा राहिला आहे. आशियाई इनडोअर स्पर्धेत आपल्या खेळाडूंनी असा ट्रॅक घरी नसतानाच्या काळातही पदके आणलेली आहेत. २०२४ मध्ये तेहरान येथे तजिंदरपाल सिंग तूर, ज्योती याराजी आणि हरमिलन बैंस यांनी सुवर्णपदके जिंकली. म्हणून शालेय वयाच्या मुलाला केवळ तिरक्या वळणाची सवय व्हावी म्हणून इतक्या लांब पाठवण्याची घाई करू नये. राज्य पातळीवर सातत्याने पदक मिळवणाऱ्या आणि आंतरराष्ट्रीय निवडीच्या टप्प्यात आलेल्या खेळाडूने मात्र स्पर्धेपूर्वी काही दिवस तरी तेथे धावून पाहावे, कारण उतरत्या वळणावर पाऊल कसे टाकायचे हे सपाट मैदानावर शिकता येत नाही.