स्क्रू कॅपची वाइन बुचाच्या वाइनपेक्षा हलक्या प्रतीची असते का? भेट द्यायला कोणती घ्यावी?

हलकी नसते. नाशिकजवळच्या एका वायनरीत मी नऊ वर्षं बॉटलिंगला होतो. एकाच टाकीतली वाइन बूच लावूनही भरलीय आणि स्क्रू कॅप लावूनही, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी आमच्या लाइनवरची शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन, स्क्रू कॅपची, नेली होती. साडूंनी बाटली हातात घेतली, झाकण बघितलं आणि भरल्या घरात म्हणाले, "अहो, खोकल्याचं औषध आणलंत की काय?" सगळे हसले. मग त्यांनी स्वतःची फ्रेंच रेड काढली आणि थाटात बूच ओढलं. पेला नाकाशी नेला आणि मला कळलं. ओलं गोणपाट. पावसाळाभर बंद राहिलेल्या गोदामाचा वास, फळाचा मागमूस नाही. मी म्हणालो, ही बाटली बिघडलीय, पिऊ नका. साडू म्हणाले, "जुन्या वाइनला असाच वास असतो. तुम्हाला मशीनचं कळतं, वाइनचं नाही." बाकीच्यांनी मान ठेवायला दोन-दोन घोट घेतले. निफाडला चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेल्या सासऱ्यांनी मात्र पेला हुंगून बाजूला ठेवला, बोलले काहीच नाहीत. माझी बाटली फ्रीजमध्येच राहिली. ते वाक्य मला सहा वर्षं सलतंय.

त्या वासामागच्या पदार्थाला नाव आहे, टीसीए (ट्रायक्लोरोअनिसोल). १९८१ साली स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर यांनी तो शोधून काढला. बूच म्हणजे कॉर्क ओकची साल. त्या सालीत बुरशी आणि क्लोरीनची संयुगं एकत्र आली की हा पदार्थ तयार होतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरे, फळाचा वास मेलाच. वाइन जुनी की नवी, हजाराची की दहा हजारांची, काही संबंध नाही.

याच त्रासाला कंटाळून ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या वायनरींनी एकत्र येऊन २००० सालची रीझलिंग स्क्रू कॅपमध्ये भरली. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडवाल्यांनी मोहीम काढली. आज तिकडे महागडी पिनो न्वारही झाकण फिरवूनच उघडतात.

झाकण स्वस्तातलं दिसतं, पण हवा अडवायचं खरं काम आतल्या अस्तराचं. झाकण उघडायला किती जोर लागतो ते आम्ही ठरावीक वेळाने बाटल्या काढून टॉर्कमीटरवर मोजायचो. कॅप वरून चेपली असेल तर बाटली बाजूला. शिवाय आपल्या दुकानांत बाटल्या महिनोन्‌महिने उभ्याच असतात. बूच सुकून आक्रसतं, हवा आत शिरते. अस्तराला ती भीती नाही. (उन्हात ठेवली तर दोन्हीतली वाइन खराब होते, ते वेगळं.)

हां, स्पार्कलिंगला, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनला, बूचच घ्या, आत सहा ॲटमॉस्फिअरपर्यंत दाब असतो. वीस वर्षं ठेवायची फ्रान्सची बोर्दो वाइन असेल तरी बूच चालेल, आता एकेक तपासलेली बुचंही मिळतात. स्क्रू कॅपमधून हवा फार कमी जाते, त्यामुळे भरताना हयगय झाली तर उघडल्यावर जळक्या काडीसारखा वास येतो. पेला हलवून थोडं थांबलं की बहुतेक वेळा तो जातो. प्लास्टिकच्या बुचाची बाटली मात्र साठवू नका.

भेट स्क्रू कॅपचीच द्या आणि देताना झाकणाबद्दल माफी मागू नका. कोणी हसलंच तर तिथल्या तिथे उघडून हुंगायला द्या. त्या रात्री मीही फ्रीजमधली बाटली काढून सासऱ्यांपुढे दुसरा पेला ठेवायला हवा होता.