घोडबंदर रोडला घरून फराळ विकते, जाहिरातीला पैसे नाहीत. गिऱ्हाईक कसं वाढवू?

पत्रकं छापू नका, ताई. ती वॉचमनच्या टेबलावरून थेट रद्दीत जातात.

आधी गूगलवर व्यवसायाची मोफत नोंद करा. घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात पोचवता तेवढं दाखवता येतं. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात. स्वयंपाकघर, डबे, लेबलं दाखवा. मग प्रत्येक खूश गिऱ्हाइकाकडून दोन ओळींचा अभिप्राय मागा, लाजू नका.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसही फुकट आहे. कॅटलॉगमध्ये दर लिहाच. ‘दरासाठी मेसेज करा’ वाचून माझ्यासारखे लोक पुढे सरकतात! ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या, एका यादीत 256 जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो. त्यामुळे पहिल्या डब्यासोबतच ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी द्या. रोज सुप्रभात मात्र पाठवू नका, लोक ब्लॉक करतात.

आणि खरी जाहिरात म्हणजे चव. तुमच्याकडची संकुलं मोठी, एकेका टॉवरमध्ये शंभरावर घरं. गणपतीत सोसायटीच्या मंडळाला विचारून आरतीनंतर चकली चाखायला ठेवा. दिवाळीची ऑर्डर तिथेच वहीत लिहून घ्या, थोडी आगाऊ रक्कमही.